ढाल एकच होती

२०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखचे महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीतले कोनेरू हम्पीविरुद्धचे पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. घरात नातू वैतागला, "बरोबरी काय, बोअर!" मला मात्र आमच्या मंडळाची सतरंजी दिसू लागली.

भाऊबीज उलटली की शाळेचा हॉल मागायचा, सतरंज्या झटकायच्या, पट मांडायचे. मुलींची वेगळी स्पर्धा सुरू झाली १९८१नंतर. त्या साली रोहिणी खाडिलकर आशियाई विजेती झाली, आणि मुलींना खेळायला पाठवा म्हणून आयांच्या विनवण्या करायची गरजच उरली नाही. वासंती, जयश्री, रोहिणी, तिघी बहिणी राष्ट्रीय विजेत्या. ही नावं आमच्या पोरींना पाढ्यांसारखी पाठ. घड्याळं दोनच, तीही उसनी. एका संचातला काळा उंट हरवलेला, त्याच्या जागी दोऱ्याचं रीळ उभं. पोहे मात्र वेळेवर यायचे.

एका वर्षी शेवटच्या फेरीत एक दोन वेण्यांची आणि तिच्यापेक्षा लहान एक चिमुरडी समोरासमोर आल्या. दोघींचे गुण सारखे. पटावर उरले दोन राजे आणि वेणीवालीचं एक प्यादं. भोवतीच्या काकालोकांनी निकाल लावूनही टाकला. (बघ्यांना नेहमी जास्त कळतं.) पण प्यादं होतं अगदी कडेच्या पट्टीतलं आणि चिमुरडीचा राजा त्याच पट्टीच्या टोकाला, कोपऱ्यात जाऊन बसलेला. वेणीवालीने प्यादं सातव्या घरात सरकवलं.

"सर, मात!"

"शह कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

चिमुरडीने एकेका घरावर बोट ठेवलं. इथे प्याद्याचा मार, इथे राजाचा, आणि प्यादं मारावं तर त्यालाही राजाचा जोर. शह नाही, हलायला घरही नाही. बरोबरी! वेणीवालीचे डोळे भरले, पण रडली नाही, "अगं, हे तुला कोणी शिकवलं?" एवढंच विचारलं. "आजोबांनी," म्हणत चिमुरडी पोह्यांकडे पळाली.

मग भांडण ढालीचं. पितळेची ढाल एकच, मंडळाकडे दुसरीचे पैसे नाहीत. शेवटी ठरलं, सहा-सहा महिने. चिठ्ठी वेणीवालीची निघाली. पुढच्या मे महिन्यात तिच्या आईने ढाल चिंचेने लखलखीत घासली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि मुलीच्याच हातून चिमुरडीकडे पाठवली. सोबत डब्यात आंब्याच्या वड्या.