नदीकाठचा पट

श्यांगछीच्या, म्हणजे चिनी बुद्धिबळाच्या, पटावर मधोमध एक कोरी पट्टी असते आणि तिच्यावर बहुधा ‘छू नदी, हान सीमा’ या अर्थाची चार अक्षरे असतात. इ.स.पू. 203 मध्ये एकमेकांशी लढणारे छूचा राजा श्यांग यू आणि हानचा राजा ल्यू बांग यांनी होंगगोऊ कालव्याला हद्द मानून देश वाटून घेतला, त्या तहाची ही आठवण मला फार हृद्य वाटते. कारण बागेतल्या दगडी मेजावर लाकडी सोंगट्या खाडकन आपटणारे आजोबा तीच लढाई पुन्हा लढत असतात. हत्ती नदी ओलांडत नाही. प्यादे मात्र पलीकडे पोहोचताच आडवेही चालते, आणि त्याला माघार कधीच नसते. ‘डाव पाहताना गप्प राहतो तोच खरा सज्जन’ अशी म्हण आहे, तरीही भोवतीच्या बघ्यांना चाल सुचवल्यावाचून राहवत नाही, इतका तो डाव सगळ्यांचा असतो.