लिझावेताचं काय?

दोस्तोव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये खून कुणाचा होतो, असं विचारलं की ‘त्या सावकार म्हातारीचा’ असं उत्तर येतं. कादंबरी न वाचलेले हेच सांगतात आणि वाचलेलेही हेच सांगतात. खरं तर खून दोन होतात. दुसरा लिझावेताचा, म्हातारीच्या धाकट्या सावत्र बहिणीचा. ती लोकांच्या ध्यानातून कशी निसटते कोण जाणे. आमच्या सासूबाईंनी मात्र तिला निसटू दिलं नाही.

रात्रीची आवराआवर झाली की मी टेबलाशी पुस्तक घेऊन बसते आणि समोर आई दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत असतात. मग त्यांना गोष्ट सांगावी लागते. त्यांचा पहिलाच आक्षेप रोकडा होता. “खून कुणी केला ते सुरुवातीलाच कळलं ना? मग पुढचं एवढं जाडजूड काय वाचतेस गं?” मुद्दा बिनतोड आहे. सहा भाग आणि वर उपसंहार, त्यातल्या पहिल्याच भागाच्या शेवटी कुऱ्हाड चालून मोकळी होते.

तर मी कुऱ्हाडीपर्यंतचं सगळं रंगवून सांगितलं. पीटर्सबर्गचा जुलैतला उकाडा. पैशाअभावी विद्यापीठ सुटलेला तेवीस वर्षांचा रास्कोल्निकोव. कोटाच्या आत डाव्या काखेत कुऱ्हाड अडकवायला शिवलेला फास. त्याच्या फाटकापासून म्हातारीच्या घरापर्यंत मोजून ठेवलेली ७३० पावलं. गहाण ठेवायची वस्तू म्हणून नेलेला लाकडाचा तुकडा आणि लोखंडी पट्टी. ती कागदात गुंडाळून दोरीने अशी करकचून बांधलेली, की गाठ सोडवताना म्हातारीने पाठ फिरवावी. आई पालक निवडायच्या थांबून ऐकत होत्या. “आणि तेवढ्यात ती बहीण घरी येते, मग तिलाही मारतो,” असं म्हणून मी पुढे सरकले, तशी त्यांनी अडवलं. “अगं थांब. हिचं काय? हिने काय घोडं मारलं होतं त्याचं?”

काय केलं होतं, ते दोस्तोव्हस्कीने दुसऱ्या भागात जाता जाता सांगितलंय. रास्कोल्निकोव तापाने पडलाय. खोलीत त्याचा मित्र आणि डॉक्टर खुनाविषयी बोलताहेत. नास्तास्या नावाची मोलकरीण मध्येच त्याला म्हणते, लिझावेतालाही मारलं की; ती खाली यायची ना, तुझा फाटका सदरासुद्धा शिवून दिला होता तिने. रास्कोल्निकोव भिंतीकडे तोंड फिरवतो. भिंतीला मळका पिवळा कागद, त्यावर पांढरी फुलं. त्यातलं एक बेढब फूल तो निवडतो आणि त्याला पाकळ्या किती, पाकळ्यांच्या कडा कशा कातरलेल्या, त्यावर तपकिरी रेघा किती, हे बघत राहतो. हातपाय तुटून पडल्यासारखे बधिर झालेत, पण हलवून बघावं असंही त्याला वाटत नाही.

पोर्फिरी पेत्रोविच हा तपास अधिकारी त्याच्याशी जो उंदीर-मांजराचा खेळ खेळतो, त्याची वाहवा सगळे करतात. मीही केली. पण अपराधाची टोचणी मला सगळ्यात जास्त जाणवली ती या फुलात. एरवी हा तोंडाळ माणूस. म्हातारीसाठी त्याच्याकडे युक्तिवाद तयार आहे, नेपोलियन तयार आहे, असामान्य माणसाला रक्त सांडायचा अधिकार असतो असा छापून आलेला लेखसुद्धा तयार आहे. सदरा शिवून देणाऱ्या बाईसाठी मात्र त्याच्याकडे काहीच नाही. म्हणून मग पाकळ्या मोजायच्या.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पहिल्या भागातच आहे. एका खाणावळीत कुणी विद्यार्थी एका अधिकाऱ्याला समजावत असतो, की एक निरुपयोगी म्हातारी मारली आणि तिचा पैसा वापरून शेकडो जीव वाचवले, तर हा साधा हिशेब झाला. रास्कोल्निकोव शेजारच्या टेबलावर बसून ऐकतो. त्याच्याही डोक्यात नेमकं हेच घोळत असतं. आता म्हातारी मारण्याच्याच लायकीची आहे हे त्या विद्यार्थ्याने कशावरून ठरवलं? तर ती लिझावेताला मारते, गड्यासारखी राबवते, तिच्या कमाईचा पैसाही तिला देत नाही आणि मृत्युपत्रात तिच्या वाट्याला टेबलखुर्च्यांखेरीज काहीही ठेवलेलं नाही. सगळी रोकड मठाला. म्हणजे जिचा छळ हे खुनाचं एक समर्थन होतं, तिचाच बळी पडतो. हिशेब मांडणारे हिशेबात चुकतात असं नव्हे. ज्यांच्या नावाने हिशेब मांडला त्यांची विचारपूस करायची राहून जाते, एवढंच. (तो अधिकारी शेवटी विचारतो, तू स्वतः मारशील का रे तिला? विद्यार्थी म्हणतो, छे, मी आपला न्यायाच्या दृष्टीने बोलतोय! असे विद्यार्थी आपल्याकडेही रग्गड, आणि ते काही सगळे कॉलेजात नसतात.)

कादंबरी सुचली तेव्हा स्वतः दोस्तोव्हस्कीची अवस्था रास्कोल्निकोवपेक्षा काही वेगळी नव्हती. १८६५ च्या सप्टेंबरात तो जर्मनीत वीसबाडेनला जुगारात सगळं हरून बसला होता. हॉटेलवाल्याने जेवण बंद करून नुसता चहा चालू ठेवला होता. त्या दिवसांत त्याने मासिकाचे संपादक कात्कोव यांना कादंबरीची कल्पना कळवून पैसे मागितले. त्या पत्रात धाकटी बहीण आहे, पण म्हातारी तिला छळते एवढं सांगण्यापुरतीच. पुढे कधीतरी ती लेखकाच्याही दारात अचानक येऊन उभी राहिली असावी. लिहिलेला बराच भाग त्याने जाळून टाकला, पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं आणि १८६६ मध्ये कादंबरी कात्कोव यांच्या ‘रूस्की वेस्तनिक’ मासिकात क्रमशः आली.

मरताना लिझावेता ओरडत नाही. कुऱ्हाड उगारलेली दिसते तरी हात तोंडावर नेत नाही. रिकामा डावा हात जरासा पुढे करते, त्याला दूर सारावं तसा. आयुष्यभर दबून राहिलेल्या माणसाला स्वतःचा बचावही करता येत नाही, हे लेखकाने त्या एका हाताच्या हालचालीत दाखवलंय. मी आईंना ते वाक्य वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पालकाची जुडी तशीच ठेवून झोपायला गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पिठलं झालं.

हाच हात पुढे सोन्या नावाच्या, घर चालवायला वेश्या झालेल्या मुलीच्या खोलीत पुन्हा येतो. रास्कोल्निकोव तिच्यापाशी कबुली द्यायला जातो, तीसुद्धा धड देत नाही. सुरुवात लिझावेतापासून करतो: त्या माणसाला तिला मारायचं नव्हतं, ते चुकून झालं. सोन्याला कळतं. ती डावा हात तसाच पुढे करत मागे सरकते आणि त्याला तिच्या चेहऱ्यात लिझावेताचा चेहरा दिसतो. मध्ये एकदा त्याने स्वतःलाच विचारलेलं असतं, की बिचारी लिझावेता, मला तिची आठवण का बरं येत नाही, जणू मी तिला मारलंच नाही? लिझावेता मात्र कुठे गेलेलीच नसते. सोन्या त्याला येशूने मेलेल्या लाझारसला उठवल्याची गोष्ट वाचून दाखवते ते बायबल लिझावेताने आणून दिलेलं. सोन्या गळ्यात घालते तो तांब्याचा क्रूसही लिझावेताचाच.

सैबेरियातला उपसंहार मला तितकासा पटला नाही. तिथे गेल्यावरही बराच काळ तो पस्तावत नाही. आपल्याला हे निभावता आलं नाही हाच आपला गुन्हा, असं म्हणतो. मग नदीकाठी एकाएकी सगळं पालटतं. आठ वर्षांच्या शिक्षेतली सात अजून बाकी असताना लेखकाला उरकायची घाई झाली, असं वाटतं.

त्यापेक्षा सहाव्या भागाचा शेवट कितीतरी खणखणीत आहे. चौरस्त्यावर जाऊन मातीचं चुंबन घे, असं सोन्याने सांगितलेलं असतं. हा घेतो आणि लोक हसतात, चढलेली दिसतेय म्हणतात. मग पोलीस ठाणं. आत जातो, काही न बोलता बाहेर येतो, अंगणात सोन्याला उभी बघतो आणि पुन्हा जिना चढतो. कबुली एका वाक्याची. मी त्या सरकारी नोकराच्या म्हाताऱ्या विधवेला आणि तिची बहीण लिझावेता हिला कुऱ्हाडीने मारलं आणि लुटलं, अशा अर्थाची. जिच्यासाठी एवढं तत्त्वज्ञान रचलं, ती सावकार म्हातारी अल्योना इवानोवना या वाक्यात नुसती ‘विधवा’ आहे. नाव फक्त लिझावेताचं. ठाण्यातला अधिकारी इल्या पेत्रोविच आ वासून बघत राहतो, चारी बाजूंनी माणसं धावत येतात, आणि रास्कोल्निकोव आपला जबाब पुन्हा एकदा सांगतो. म्हणजे नाव दोनदा.