ग्राफिक्स कार्डच्या थर्मल पॅडची जाडी कशी ठरवावी

थर्मल पॅड, म्हणजे चिपची उष्णता पुढे नेणारी मऊ पट्टी, विकत घेताना बहुतेक जण पाकिटावरचा उष्णता-वहनाचा आकडा पाहतात; माझ्या मते आधी पाहायची ती जाडी. ग्राफिक्स कार्डच्या मुख्य चिपवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा पातळ थर असतो आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, तिच्यावर जवळपास थेट टेकतो. भोवतालच्या मेमरी चिप आणि हीटसिंक यांच्यात मात्र फट राहते, ती पॅडने भरायची असते. पॅड पातळ पडला तर मेमरीची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही. जाड पडला तर हीटसिंकच उचलला जातो, मुख्य चिपवरची पेस्ट नीट दाबली जात नाही आणि हॉटस्पॉटचे, म्हणजे त्या चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे, तापमान चढते, जे मला अधिक गंभीर वाटते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही चूक लपत नाही. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा सहज ४२ अंशांवर जातो. खोली २५ ऐवजी ४० अंशांवर असली, की तेवढ्याच कामाला मेमरीचे तापमानही साधारण १५ अंशांनी वाढते. जीडीडीआर६एक्स ही काही ग्राफिक्स कार्डांवरची वेगवान मेमरी ११० अंशांच्या आसपास गेली की कार्ड आपणहून वेग कमी करते. म्हणजे जानेवारीत ९५ अंशांवर निर्धास्त चालणारे कार्ड मे महिन्याच्या दुपारी अडखळू लागते.

जुन्या पॅडवर चिपचा चौकोनी ठसा उमटलेला असतो. तो दबलेला भाग मोजून नवा पॅड आणू नये. चिपबाहेर राहिलेली, न दबलेली कडा व्हर्निअर कॅलिपर न आवळता मोजावी, कारण मूळ जाडी तिथेच बऱ्यापैकी टिकलेली असते. कडाही विरघळल्यासारखी झाली असेल, तर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीची लहान गोळी प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून मेमरी चिपवर ठेवावी, हीटसिंकचे स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि उघडून चपटी झालेली माती मोजावी. फट ०.८ मिमी निघाली तर १ मिमीचा मऊ पॅड घ्यावा. वहनाचा आकडा मोठा असलेले अनेक पॅड कडक असतात, ते पुरेसे दबत नाहीत. तिथे मऊपणालाच महत्त्व द्यावे. दोन पॅड एकावर एक ठेवणे टाळावे, कारण मधल्या सांध्यात उष्णता अडते.

जोडणी झाल्यावर एकदा पुन्हा उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये. प्रत्येक पॅडवर पूर्ण ठसा आणि मुख्य चिपवर सर्वत्र पातळ पसरलेली पेस्ट दिसली, तरच जाडी बरोबर आहे असे समजून, नवी पेस्ट लावून कार्ड बंद करावे.