आमची वाटचाल : भरलेल्या टेबलाने शिकवलेलं काम

आमची फर्म तीन माणसांची. सुरुवातीची काही वर्षं स्विच बसवणं, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) बांधणं, केबलिंग तपासणं एवढंच करत होतो. राउटिंग टेबल म्हणजे कोणत्या पत्त्याचं पॅकेट कुठे पाठवायचं याची यादी, तिची एकेक नोंद म्हणजे रूट. या टेबलाच्या क्षमतेचा हिशोब ठेवणं हे आज आमचं मुख्य काम आहे, आणि ते एका रात्रीमुळे आमच्याकडे आलं.

एका ग्राहकाने दुसऱ्या प्रोव्हायडरची लाइन घेतली होती. बीजीपी, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना रूट कळवायची पद्धत, आम्हीच लावली. सेशन (प्रोव्हायडरशी जोडणी) उठलं, आम्ही निघालो. तासाभरात फोन आला की काही साइट उघडतात, काही उघडतच नाहीत. परत जाऊन कन्सोल लावला, तर सीपीयू ९९ टक्के. बीजीपी सेशन पडत होतं, उठत होतं, पुन्हा पडत होतं. मी रूट तपासत होतो आणि यादीत सगळे रूट जागच्या जागी दिसत होते. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

कारण आम्ही पाहत होतो ती यादी सॉफ्टवेअरची, मेमरीतली. पॅकेट प्रत्यक्षात पुढे ढकलते ती चिप, आणि तिचं टेबल वेगळं. त्या स्विचमध्ये ते टीकॅम नावाच्या मेमरीत होतं. ही मेमरी सगळ्या नोंदी एकाच वेळी ताडून पाहते, म्हणून वेगवान. पण महाग आणि वीज खाणारी, म्हणून मोजकीच. ज्या रूटला तिथे जागा मिळाली नाही त्याची पॅकेटं सीपीयूकडे जात होती. सीपीयू गुदमरला की बीजीपीचे कीपअलाइव्ह (‘मी चालू आहे’ असे ठरावीक वेळाने जाणारे निरोप) चुकायचे, सेशन पडायचं, रूट निघून जायचे, सीपीयू मोकळा व्हायचा, सेशन उठायचं आणि तोच लोंढा पुन्हा यायचा. आम्ही येणाऱ्या रूटवर फिल्टर लावला नव्हता. प्रोव्हायडरने पूर्ण इंटरनेट टेबल पाठवलं होतं, आणि स्विचची क्षमता काही हजारांची. चूक आमची होती, तसं ग्राहकाला सांगितलं. त्या रात्री फक्त डिफॉल्ट रूट (दुसरी नोंद नसेल तेव्हा वापरायचा) आणि प्रोव्हायडरचे स्वतःचे रूट ठेवले, शिवाय प्रीफिक्सची, म्हणजे घ्यायच्या पत्त्यांच्या गटांची, कमाल मर्यादा लावली.

नंतर वाचायला बसलो. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगाच्या आयपीव्ही ४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत; आयपीव्ही ६ ही नवी) टेबलाने ५१२के, म्हणजे साधारण पाच लाख बारा हजार नोंदींचा टप्पा ओलांडला आणि जगभर अनेक जुने राउटर अडखळले. त्यातल्या काहींच्या चिपमध्ये जागा शिल्लक होती! पण ती आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६ मध्ये आधीच वाटून दिलेली होती. आयपीव्ही ६ ची एक नोंद तिथे दोन घरं घेते, आणि वाटणी बदलायची तर रीबूट करावा लागतो. तेव्हापासून डेटाशीटवरचा एकच मोठा आकडा आम्ही कधी खरा धरला नाही. ‘कोणत्या प्रोफाइलमध्ये?’, म्हणजे जागेच्या कोणत्या वाटणीत, हा प्रश्न आधी विचारतो.

दुसरं मोठं काम व्हर्च्युअल मशीनवाल्या (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या) ग्राहकाचं. प्रत्येक मशीनचा स्लॅश ३२ (एकाच पत्त्याचा) रूट सगळ्या स्विचवर पसरत होता. त्यांना मोठा स्विच घ्यायचा होता, आम्ही थांबवलं. मशीनं सबनेटप्रमाणे (सलग पत्त्यांच्या गटांप्रमाणे) एकेका रॅकमध्ये होती, म्हणून रॅकच्या स्विचवरच समरी केली, म्हणजे अनेक रूटऐवजी एकच व्यापक रूट पुढे कळवला. जिथे २५६ पर्यंत नोंदी जात होत्या तिथे एक स्लॅश २४ (२५६ पत्त्यांचा गट) उरला. समरीसोबत तोच रूट नलकडेही (पॅकेट टाकून देणाऱ्या जागेकडे) टाकला, नाहीतर नसलेल्या पत्त्याची पॅकेटं डिफॉल्ट रूटने वर जाऊन लूपमध्ये फिरत राहतात. हे बरेच जण विसरतात. मशीनं रॅक बदलत हिंडत असती, तर मात्र आम्हीही मोठा स्विचच सुचवला असता.

आता दर सोमवारी प्रत्येक ग्राहकाच्या चिपमधल्या नोंदी मोजून वहीत चढवतो : आयपीव्ही ४, आयपीव्ही ६, होस्ट (एकेका यंत्राच्या), नेक्स्ट हॉप (पुढच्या टप्प्याच्या), सगळं वेगवेगळं. ७० टक्के झाले की फोन करतो. सध्या एका ग्राहकाची आयपीव्ही ६ ची बाजू तिथे पोचली आहे. वाटणी बदलण्यासाठी रविवारी पहाटेची वेळ मागून घेतली आहे.