मळवलीची लोकल, भाज्याची लेणी आणि सहावीचा ओळंबा

सहल म्हटली की डिसेंबर, असं शाळेत ठरूनच गेलंय. यंदा आम्ही सहावीला जुलैतच बाहेर काढलं. चार शाळांतून आलेली पोरं, एकमेकांची नावंही धड माहीत नाहीत. त्यात सहावीचा इतिहास प्राचीन भारताचा. म्हणून लोणावळ्याजवळची भाजे ही बौद्ध लेणी.

बेचाळीस मुलं, पाच शिक्षक. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल, उतरायचं मळवलीला. बारा वर्षं पूर्ण झालेल्यांना पूर्ण तिकीट लागतं, म्हणून जन्मतारखांची यादी आदल्या दिवशीच करा; आम्ही ती खिडकीपाशी केली आणि मागच्या रांगेच्या शिव्या खाल्ल्या. लेण्यांवर पंधराच्या आतल्यांना तिकीट नाही. वार मधलाच धरा. शनिवार-रविवारी तिथे धबधब्याची जत्रा असते, लेणी कुणाला दिसतही नाहीत.

स्टेशनपासून द्रुतगती मार्ग ओलांडून गावात यायला आमच्या पावलांनी पाऊण तास लागला. त्यातली वीस मिनिटं एका खाचरात गेली. भातलावणी चालली होती. एका मावशींनी विचारताच पाच-सहा जणांना आत घेतलं, हातात रोपांची मूठ दिली. "लय खोल नको रोवू, गुदमरतंय ते," एवढंच शिकवणं. एकीची चप्पल चिखलात गेली ती गेलीच. तेव्हा मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात, आणि छत्र्या नकोत, रेनकोट. पायऱ्यांवर बेचाळीस छत्र्या म्हणजे डोळे फुटायची सोय.

वर बावीस लेणी आहेत. सगळी दाखवायच्या फंदात पडू नका. आम्ही मुख्य चैत्यगृहातच, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनातच, तासभर थांबलो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं काम, आणि छताच्या काही लाकडी फासळ्या अजून जागच्या जागी. सत्तावीस खांब मोजताना दोन गटांत भांडण जुंपलं. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "बाई, हे खांब ओळंब्यात नाहीत." त्याचे वडील गवंडी. बुटाच्या नाडीला खडा बांधून त्याने खांबाला न लावता, डोळ्यासमोर धरून दाखवलं. खरंच, खांब आत कललेले. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब तिरके ठेवत. दगड कोरणाऱ्यांनी तीच ठेवण उचलली. "पण दगडाला काय गरज?" असं एकीने विचारलं. मी म्हटलं, सवय. उत्तर अगदीच चुकीचं नसावं.

पुढे चौदा स्तूपांचा घोळका आहे, काही आत, काही उघड्यावर. इथेही मोजू द्या. पाण्याच्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत विण्हुदत्त नावाच्या 'महारठी'च्या, म्हणजे त्या काळच्या सरदाराच्या, दानाचा लेख आहे. लेखात टाक्याला 'पोढी' म्हटलंय. हा शब्द मुलांना फारच आवडला, परतीच्या वाटेवर प्रत्येक डबक्याची पोढी झाली.

धबधब्याखाली कुणालाही सोडलं नाही. रुसवे झाले, चालायचंच. 2024 च्या जूनअखेरीस भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, ते ठिकाण इथून फार लांब नाही. पावसाळ्यात प्रशासनाचे बंदीआदेश निघतात, तेही आदल्या दिवशी पाहून घ्या. संमतीपत्रावर 'पाण्यात उतरणार नाही' ही ओळ आधीच छापली की तिथे वाद घालावा लागत नाही.

मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय गावातल्या हॉटेलवाल्याशी बोलून आधी करून ठेवा, वरच्या भरवशावर राहू नका. डबे खाली उतरल्यावरच उघडा. कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाने दोन जोड.

आमची खरी चूक परतीची. दुपारी या मार्गावर लोकल विरळ असतात, हे मला माहीत होतं, तरी "मिळेल एखादी" म्हणून निघालो. फलाटावर दीड तास. भेंड्या संपल्या, बिस्किटं संपली. मग गवंड्याच्या पोराने फलाटाच्या खांबापुढे नाडी धरली आणि जाहीर केलं, "हा सरळ आहे!" लोकल येईपर्यंत फलाटावरचा एकही खांब तपासायचा राहिला नाही.