तुम्ही विचारलंत म्हणून : हरलेली मॅच पुन्हा का बघता?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात दर ऑगस्टला महाराष्ट्रातून नवी मुलं येतात. गणपतीत आमच्याकडे जेवायला येतात, दिवाळीपर्यंत रुळतात, आणि मार्चमध्ये आमच्या टीव्हीसमोर बसली की त्यांतलं कोणीतरी हमखास विचारतं, "काकू, २०१९ची ती व्हर्जिनियाविरुद्धची बास्केटबॉलची मॅच तुम्ही अजून बघता म्हणे. पण आपण तर हरलो होतो ना?" सात महिन्यांत 'आपण' म्हणायला लागतात याचं मला भारी कौतुक वाटतं. पुण्याची नणंद हेच जरा वेगळ्या सुरात विचारते. "वहिनी, कॉलेजच्या पोरांची मॅच, तीही जुनी, तीही हरलेली. अहो, काय चाललंय काय तुमचं?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मी पर्ड्यूत एक दिवसही शिकलेली नाही. नवऱ्याच्या पीएचडीसाठी इंडियानात आलो आणि इथलेच झालो. नागपूरला शाळेत असताना बास्केटबॉल खेळायचे, तेवढ्या शिदोरीवर मी इथे बोलते. पण या राज्यात त्यासाठी पदवी लागत नाही. धान्याच्या कोठारावर, गॅरेजवर, चर्चमागच्या पार्किंगमध्ये, जिथे म्हणून भिंत उभी आहे तिथे इथल्या लोकांनी रिंग ठोकली आहे. शेजारचे आजोबा हाडाचे शेतकरी, जन्मापासून पर्ड्यूवाले. विद्यापीठांच्या स्पर्धेतल्या पर्ड्यूच्या पराभवांची वर्षं त्यांना श्राद्धाच्या तिथींसारखी तोंडपाठ आहेत. १९८८ला कॅन्सस स्टेट. १९९४ला ड्यूक, तेही ग्लेन रॉबिन्सनसारखा खेळाडू संघात असताना. २००० साली विस्कॉन्सिन. शेवटच्या चार संघांत, म्हणजे 'फायनल फोर'मध्ये, पर्ड्यू गेलं होतं ते १९८०मध्ये. २०१९च्या मार्चपर्यंत त्याला ३९ वर्षं झाली होती.

ही स्पर्धा बेरहम आहे. ६८ संघ, आणि एकदा हरलात की घरी. आयपीएलसारखा क्वालिफायर-एलिमिनेटरचा दिलासा नाही. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, बरोबरी झाली तर पाच मिनिटांचा ओव्हरटाइम, तरी बरोबरी तर आणखी पाच. चौथ्या वर्षाला असलेल्या मुलासाठी तो पराभव म्हणजे त्या जर्सीतला शेवटचा दिवस. पुढच्या वर्षी बघून घेऊ म्हणायची सोय प्रेक्षकाला असते, त्याला नसते.

आता मॅच. खरं म्हणजे दोन मॅच, आणि पहिली सांगितल्याशिवाय दुसरी सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. आमची मंडळी पहिली नेहमी गाळतात.

गुरुवार, २८ मार्च २०१९, लुइव्हिल. समोर टेनेसी. दुसऱ्या डावात पर्ड्यू १८ गुणांनी पुढे होतं आणि ती आघाडी डोळ्यांदेखत विरघळली. शेवटी तर आम्ही दोन गुणांनी मागे. कार्सन एडवर्ड्सनं कोपऱ्यातून तीन गुणांसाठी बॉल मारला, गेला नाही, पण पंचांनी टेनेसीच्या खेळाडूवर फाउल दिला. घड्याळात १.७ सेकंद. फाउलबद्दल मिळालेल्या, एकेका गुणाच्या तीन फ्री थ्रोंपैकी एडवर्ड्सनं दोन टाकले, बरोबरी झाली, आणि ओव्हरटाइममध्ये आम्ही ९९-९४ जिंकलो. रायन क्लाइननं त्या रात्री २७ गुण केले, घरात पोरं नाचली. फाउल होता की नव्हता? आमच्या दिवाणखान्यात हा प्रश्न कोणाच्या तोंडातून निघाला नाही. माझ्या ऑफिसातली एक बाई नॉक्सव्हिलची, टेनेसीच्या गावचीच. शुक्रवारी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शनिवारी, ३० तारखेला, त्याच हॉलमध्ये व्हर्जिनिया. जिंकलं की फायनल फोर. आमच्या वेस्ट लाफायेटहून लुइव्हिल म्हणजे आय-६५ महामार्गावरून सरळ दक्षिणेला तीनेक तास, त्यामुळे ओळखीपाळखीचे बरेच तिकडेच गेले होते. आम्ही घरी : आम्ही दोघं, पाच-सहा विद्यार्थी आणि आजोबा. आजोबांची खुर्ची ठरलेली. गुरुवारी जे जिथे बसले होते त्यांनी तिथेच बसायचं असा हुकूम होता. तो त्यांनी दिला असं मी म्हणते, घरातले माझं नाव घेतात. क्रिकेटच्या वेळी आमच्या नागपूरच्या घरात कोणालाही पाणी प्यायला उठू दिलं जात नसे, त्यामुळे मला यात काही नवीन वाटलं नाही.

त्या रात्री एडवर्ड्सनं जे केलं ते मी परत परत बघते, हे उत्तराचं निम्मं. ४२ गुण. दहा थ्री-पॉइंटर. त्यातला शेवटचा तर इतक्या लांबून, की बॉल हातातून सुटताना आमच्यातला एक जण "अरे नको!" म्हणून ओरडला, आणि तो बॉल बोर्डावर आपटून आत पडला. सव्वा मिनिट उरलं असताना आम्ही ६९-६७ पुढे. व्हर्जिनियाकडून उत्तर देत होता काइल गाय, तो आमच्याच इंडियानापोलिसचा. २०१६ला इंडियानाचा 'मिस्टर बास्केटबॉल' ठरलेला पोरगा, आणि आता दुसऱ्याच्या घरचा होऊन आमच्यावर तीन-तीन गुणांचे बॉल मारत होता. आजोबांना तेच जास्त झोंबत होतं.

१७ सेकंद उरले असताना क्लाइनला दोन फ्री थ्रो मिळाले. एक पडला, एक हुकला. ७०-६७.

इथून पुढचं जरा सावकाश सांगते, कारण मी ते सावकाशच बघते. तीन गुणांची आघाडी आणि थोडे सेकंद असले की प्रशिक्षकापुढे दोन वाटा असतात. खेळू द्यायचं, आणि थ्री-पॉइंटर पडला तर बरोबरी पत्करायची. किंवा मुद्दाम आधीच फाउल करायचा, म्हणजे समोरच्याला दोनच फ्री थ्रो मिळतात आणि दोन्ही पडले तरी तुम्ही एक गुण पुढे राहता. आमचे प्रशिक्षक मॅट पेंटर यांच्या संघानं दुसरी वाट धरली. ५.९ सेकंद असताना व्हर्जिनियाच्या टाय जेरोमवर फाउल केला. पहिला फ्री थ्रो पडला, ७०-६८. दुसरा हुकला.

या वाटेत एकच भोक आहे : हुकलेला बॉल समोरच्याच्या हाती लागणं. व्हर्जिनियाच्या ममादी डियाकिटेचा हात बॉलला लागला, पण तो काही त्याच्या मुठीत आला नाही. नुसता टोला बसला आणि बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे, मैदानाच्या पार दुसऱ्या अर्ध्या भागात गेला. घड्याळ सुरू झालेलं. बॉल आमच्या रिंगपासून लांब पळतोय, सेकंद संपताहेत, आणि आमच्या घरात सगळे उभे. जळगावच्या एका मुलानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जिंकलो' लिहून पाठवूनसुद्धा दिलं.

पावणेसहा फुटांचा किहेई क्लार्क, पहिल्या वर्षाचा पोरगा, त्या बॉलमागे धावला. बॉल घेतला, वळला. जेरोम हात वर करून मागत होता, त्याला द्यायचा मोह कोणालाही झाला असता. क्लार्कनं त्याच्याकडे न देता मैदानाच्या अर्ध्या लांबीचा पास थेट डियाकिटेला मारला. डियाकिटेनं तो घेतला आणि त्याच हालचालीत वर सोडला. समोर आमचा मॅट हार्म्स होता, सव्वासात फुटांचा, हात पूर्ण वर. बझर वाजला तेव्हा बॉल हवेत होता.

७०-७०.

गिनीहून आलेल्या मुलानं हॉलंडहून आलेल्या मुलाच्या हातावरून बॉल टाकला आणि इंडियानातल्या एका मराठी घरात भजी तशीच गार झाली. "आपलं कोण खेळतंय त्यात?" असं नणंद विचारते तेव्हा मी तिला हेच ऐकवते.

घरात कोणी किंचाळलं नाही. हॉलमधला आवाज टीव्हीतून येत होता तेवढाच. जळगावच्या मुलाचा फोन वाजला. भारतात रविवारची सकाळ होती, त्याच्या आईनं 'अभिनंदन बाळा' आणि दोन जोडलेले हात पाठवले होते. त्यानं तो फोन गादीवर पालथा घातला आणि ओव्हरटाइमची पाचही मिनिटं त्याच्याकडे पाहिलं नाही. आजोबा एकटे बसलेले, टोपी डोक्यावरच. "पाच मिनिटं आहेत अजून," एवढंच म्हणाले.

ओव्हरटाइममध्येही आम्ही ७५-७४ पुढे होतो, हे लोक विसरतात. अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ असताना व्हर्जिनियाच्या डीआंद्रे हंटरनं बास्केट केला, ७६-७५. एडवर्ड्सचा पुढचा बॉल गेला नाही. गायनं दोन फ्री थ्रो टाकले. मग एडवर्ड्सनं क्लाइनकडे दिलेला पास रेषेबाहेर गेला, व्हर्जिनियाला आणखी दोन गुण मिळाले. ८०-७५. संपलं.

खरी मॅच तिथून सुरू झाली असं मी म्हणेन. सोमवारपासून गावात न्हाव्याकडे, चर्चमध्ये, दुकानात रांगेत, जो तो दोषी शोधत होता. क्लाइनचा तो एक फ्री थ्रो. फाउल करायला नको होता. फाउल करायचा होता पण आणखी उशिरा. रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडताना, डियाकिटेला आडवं नीट घ्यायला हवं होतं. शेवटचा पास कशाला दिला, स्वतःच मारायचा होता. एडवर्ड्सला मात्र कोणी बोललं नाही. हरलेल्या संघातला असूनही स्पर्धेतल्या आमच्या विभागाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला होता. त्या स्पर्धेत चार मॅचमध्ये २८ थ्री-पॉइंटर मारून त्यानं ग्लेन राइसचा १९८९चा २७चा विक्रम मोडला होता, आणि राइसला तेव्हा सहा मॅच मिळाल्या होत्या.

असा दोषी शोधायचा प्रकार मी लहानपणी जवळून पाहिलाय. एप्रिल १९८६मध्ये शारजात शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार हवे होते आणि मियाँदादनं चेतन शर्माला षटकार मारला. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९८७ला, आमच्या नागपुरात त्याच चेतन शर्मानं न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली, विश्वचषकातली पहिलीवहिली. बाबा त्या दिवशी मैदानात होते. तरी आमच्या घरी चेतन शर्माचं नाव निघालं की बोलणं शारजाकडेच वळायचं, हॅटट्रिक डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडूनसुद्धा! फुलटॉस पडला, दोषी सापडला, फाइल बंद. ती मॅच पुन्हा बघावी असं बाबांना कधी वाटलं नाही.

लुइव्हिलची फाइल बंद होत नाही, म्हणून मी बघते. दर वेळी एकाच माणसाकडे बघायचं ठरवते. एकदा फक्त हार्म्स : तो जिथे असायला हवा तिथेच आहे, हात जिथे हवा तिथे आहे. एकदा फक्त जेरोम. एकदा फक्त क्लार्क, आणि त्यात कळतं की त्यानं मान वर केली तेव्हा डियाकिटेकडेच पाहिलं होतं, घाईत कुठेतरी फेकलेला पास नव्हता तो. माझं मत विचाराल तर फाउल बरोबर होता, वेळही बरोबर होती. सगळं बरोबर करून आम्ही हरलो. हे आमच्या लोकांना पचत नाही, कारण मग ओरडायचं कोणावर?

पंचांवर ओरडायची सोय तर गुरुवारीच संपली होती. १.७ सेकंदांचा प्रसाद घेऊन पुढे आलेल्या माणसांनी दोन दिवसांनी ५.९ सेकंदांबद्दल अन्याय झाला म्हणायचं? नॉक्सव्हिलच्या बाईनं सोमवारी माझ्या टेबलावर कॉफी आणून ठेवली, "आता कळलं?" म्हणाली आणि गेली. तेव्हापासून आमची चांगली मैत्री आहे.

व्हर्जिनियानं पुढे ऑबर्नला ६३-६२ हरवलं, मग अंतिम सामन्यात टेक्सस टेकला ८५-७७, तेही ओव्हरटाइममध्येच. आदल्या वर्षी हाच संघ पहिल्या मानांकनावर असताना सोळाव्या, म्हणजे विभागातल्या शेवटच्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून (मेरीलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटी शाखा) ७४-५४ असा हरला होता. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी कधी झालं नव्हतं. दुसऱ्यांदा झालं ते २०२३मध्ये, आणि त्या वेळी हरणारे आम्ही होतो. एफडीयूनं, म्हणजे फेअरली डिकिन्सन विद्यापीठानं, ६३-५८ असं घरी पाठवलं. ती मॅच मी पुन्हा बघत नाही. वाईट खेळून हरलो, त्यात बघण्यासारखं काय आहे?

२०२४मध्ये डेट्रॉइटला आमच्या झॅक ईडीनं ४० गुण केले आणि पर्ड्यू एकदाचं फायनल फोरला पोहोचलं. समोर कोण होतं? टेनेसी. अंतिम सामन्यात कनेटिकटनं ७५-६०नं हरवलं ते वेगळं. डेट्रॉइटला जायला तिकीट मिळत असूनही आजोबा गेले नाहीत. ते गेले की संघ हरतो असा त्यांचा हिशोब आहे आणि आकडे त्यांच्या बाजूनं आहेत. आमच्याकडे, ठरलेल्या खुर्चीत बसून त्यांनी ती मॅच पाहिली, आणि संपल्यावर पहिलं वाक्य काय, तर "२०१९ला क्लाइनचा तो दुसरा फ्री थ्रो पडायला हवा होता."

तेव्हा यंदाच्या मुलांनो, मार्चमध्ये जरूर या. भजी मी करते. त्या फाउलवर वाद घालायचा असेल तर रात्रभर घालू. फक्त नॉक्सव्हिलची बाईही हल्ली येते, तिच्यासमोर १.७ सेकंदांचा विषय काढायचा नाही. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं नाही.