माळ एकदाच

ऑक्टोबर हा आमच्याकडे रोझरीचा, म्हणजे मरियामातेच्या जपमाळेचा महिना. वसईतल्या कुठल्याही ख्रिस्ती आळीतून संध्याकाळी चालत गेलात तर घराघरातून एकच प्रार्थना ऐकू येते. अर्धी एकानं म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. मी त्या आवाजातच वाढले. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झाले, तेव्हा या आवाजाचं शास्त्रही हाती लागलं. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास छापून आला होता. लॅटिनमधून रोझरी म्हणताना माणसाचा श्वास आपोआप संथ होतो, मिनिटाला साधारण सहावर येतो, आणि मंत्रजपानंही तेच घडतं, असं त्यांना आढळलं. हा अभ्यास मी कितीतरी जणांना कौतुकानं सांगितला आहे. पण माझ्याकडे उपचाराला आलेल्या ज्या काकांबद्दल लिहायला बसले आहे, त्यांच्यापुढे तो कुचकामी होता. त्यांची झोप, धंदा आणि घरातलं बोलणंचालणं रोझरीनंच खाल्लं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काकांची फुलांची वाडी. मोगरा तोडून पहाटेच्या लोकलनं दादरला न्यायचा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. काकू त्यांना घेऊन आल्या तेव्हा तो मोडला होता. फुलं टोपलीत सुकत होती आणि काका गुडघ्यावर. "मॅडम, वीस-पंचवीस मिनिटांची माळ, ह्यांना तीन-तीन तास लागतात," काकू म्हणाल्या. "शेवटापर्यंत येतात आणि पुन्हा पहिल्या मण्यावर."

काकूंना बाहेर बसवल्यावर काकांनी कारण सांगितलं, तेही जमिनीकडे बघत. मरियामातेचं नाव घेतलं की डोक्यात एक घाणेरडी शिवी येते. शिवी आली की ती माळ बाटली. मग पहिल्यापासून. पुन्हा शिवी, पुन्हा पहिल्यापासून. पवित्र आत्म्याच्या निंदेची क्षमा होणार नाही, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन त्यांच्या छातीवर बसलं होतं. पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल करायला, ते आधी दर शनिवारी जात, मग रोज जायला लागले, आणि तरीही मिस्सात, चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घेणं त्यांनी सोडलं होतं. "मला वेड लागलंय की सैतान?" त्यांनी विचारलं. दोन्हींपैकी एक त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

हा ओसीडी होता, म्हणजे नकोसा विचार पुन:पुन्हा येण्याचा आणि तो शमवायला तीच कृती पुन:पुन्हा करत राहण्याचा आजार. हात सतत धुणारा माणूस आपण ओळखतो, पण याच आजाराचं धार्मिक रूप सहज नजरेतून सुटतं, कारण बाहेरून ते भक्तीसारखंच दिसतं. शेजारीपाजारी कौतुक करतात. खरं तर असले नकोसे विचार बहुतेक सगळ्यांनाच येतात. रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी १९७८ सालीच दाखवून दिलं होतं की निरोगी माणसांच्या आणि ओसीडी असलेल्यांच्या विचारांच्या आशयात फारसा फरक नसतो. तुमच्या-माझ्या डोक्यातून तो विचार निघून जातो. काका त्याच्याशी झुंजत बसायचे, आणि झुंजल्यामुळेच तो परत यायचा.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली. ओसीडीत गोळीचा पुरता असर दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, हे आम्ही आधीच सांगून ठेवलं. माझ्याकडचा उपचार म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. ज्याची भीती वाटते ते करायचं आणि भीती शमवायला जे नेहमी करतो ते टाळायचं. पण 'माळ पुन्हा म्हणू नका' हे मी म्हटलं असतं तर काकांनी ते सैतानाचंच बोलणं धरलं असतं. म्हणून त्यांच्या परवानगीनं मी त्यांच्या धर्मगुरूंना भेटायला गेले.

फादरना फार समजवावं लागलं नाही. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेत असताना, त्यांनी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचं चरित्र अभ्यासलं होतं. १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसा गावात हा माणूस दिवसाला सात-सात तास प्रार्थना करायचा, जुनी पापं पुन:पुन्हा कबूल करायचा आणि तरी जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गेला होता. अखेर जुन्या पापांचं निवेदन पुन्हा करायचं नाही असं ठरवलं तेव्हा कुठे तो सुटला. फादरनी काकांना बोलावून चर्चची शिकवण एकदा नीट सांगितली. मोठं पाप व्हायला विषय गंभीर हवा, पुरती जाणीव हवी आणि मनापासून संमती हवी. न बोलावता आलेल्या विचाराला तुझी संमती कुठे होती? मग फादरनी मला विचारलं, "पुन्हा विचारायला आला तर?" मी म्हटलं, "तर उत्तर द्यायचं नाही. तुमचा दिलासाही त्यांच्यासाठी अजून एक मणीच ठरेल." फादरना ते जड गेलं. दिलासा न देणं हे कुठल्याच धर्मगुरूच्या हाडात नसतं, माझ्याही नव्हतं.

क्लिनिकमध्ये बरीच तयारी झाल्यावर एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ठरलेलं असं: घरच्यांबरोबर संपूर्ण माळ एकदाच. मागे यायचं नाही, शेवटी क्षमेची जादा प्रार्थना नाही. मुद्दाम देवनिंदा बोलायला लावणं मला मान्य नाही आणि त्याची इथे गरजही नव्हती. प्रार्थना सरळ म्हणणं हीच त्यांची सर्वात मोठी भीती होती.

मूर्तीपुढे मेणबत्ती, शेजारी मोगऱ्याची ओंजळ, मागे काकू, मुलगा आणि सूनबाई. पहिलं दशक, म्हणजे पहिले दहा मणी, बरं गेलं. दुसऱ्यात काकांचा आवाज खाली गेला. तिसऱ्यात ते थांबले. अंगठा मण्यांवरून मागे सरकू लागला.

"किती?" मी विचारलं. शंभरपैकी किती अस्वस्थता, हा आमचा रोजचा प्रश्न.

"नव्वद. मॅडम, ती शिवी आली."

"येऊ दे. पुढचा मणी."

"मरियामाता ऐकतेय."

"हो. पुढचा मणी."

घरातलं कुणी काही बोललं नाही. काकूंनी स्वतःचं तोंड पदरानं दाबून धरलं होतं. 'काही होत नाही हो' हे त्यांच्या ओठांवर होतं आणि ते बोलायचं नाही असं मी त्यांना बजावलं होतं. मग सुनेनं, जणू काही झालंच नाही अशी, पुढची अर्धी ओळ म्हटली. काकांचा अंगठा हलला. पुढे.

माळ संपली तेव्हा त्यांचा सदरा घामानं भिजला होता. आकडा अजून ऐंशीवर. आता खरी परीक्षा, नुसतं बसून राहायचं. सुनेनं चहा आणला, मुलानं मोगऱ्याच्या भावाचा विषय काढला. काका अर्धवट ऐकत होते. सत्तर. पंचावन्न. सुमारे पाऊण तासानं ते चाळीसवर आले, आणि तेही मी विचारल्यावर थोडा विचार करून. मग म्हणाले, "सूनबाईचा आवाज चांगलाय. एवढ्या दिवसांत मी ऐकलाच नव्हता." त्यांचे खांदे उतरले होते. श्वास मी मोजला नाही, पण तो संथ होता.

इतकं सरळ सगळं पुढे घडलं नाही. नाताळच्या आधी एकदा ते पुन्हा पहिल्या मण्यावर गेले, दिवसभर गेले. गोळी अजून चालू आहे आणि ख्रिस्तप्रसाद घेण्याची पायरी आम्ही आता हाती घेतली आहे.

त्या संध्याकाळी काका मला सोडायला खळ्यापर्यंत आले. मी चपला घालत होते.

"मॅडम, आजची माळ देवाला चालली असेल ना?"

मीही कॅथलिक. उत्तर जिभेवर होतं. मी चपलेचा पट्टा लावत राहिले.

"नाही सांगणार ना तुम्ही?" काका हसले. "फादरपण सांगत नाहीत. बरं, मंगळवारी येतो. पण दुपारचं ठेवा, सकाळी दादरला जायचंय."